वन्सं, दरडोई पाणी वाढलं

वन्सं, तुमच्या तेराव्याला आलेली माणसं गेली, सतरंज्या गेल्या, आचाऱ्याची पातेली गेली आणि मोरीत दोन पिंपं पाणी उरलं. गुरुवारी पाणी येणार नाही अशी खाली फळ्यावर सूचना होती, म्हणून मी ती आदल्या दिवशी काठोकाठ भरून ठेवली होती. एवढ्या माणसांच्या पानांना, हातांना, चहाला लागेल म्हणून. लागलंच नाही. हल्ली माणसं तेराव्यालासुद्धा आपापली बाटली घेऊन येतात. आता ते पाणी तसंच उभं आहे, आणि ते शिळं झालेलं नाही हे मला सांगायला घरात कुणी नाही.

परवा पराग परत गेला. जाताना दारात बुटांच्या नाड्या बांधता बांधता म्हणाला, "आई, आत्या होती तोवर मी आग्रह केला नाही. आता इथे तुझं कोण आहे? चल माझ्याकडे कायमची. नीट विचार कर, मी रविवारी फोन करतो." त्याच्या वडिलांचीच सवय, महत्त्वाचं ते उंबऱ्यावर उभं राहून बोलायचं. आज रविवार. फोन संध्याकाळी येईल. तोवर तुम्हाला हे लिहिते आहे, कारण इतक्या वर्षांत या घरातला कुठलाही निर्णय मी तुमच्याशी भांडल्याशिवाय घेतलेला नाही, आणि हा कसा घ्यायचा ते मला कळत नाही.

तुमच्या पदव्या, तुमची नोकरी, तुम्ही किती विद्यार्थी घडवलेत वगैरे कॉलेजवाल्यांनी छापून आणलंय. फोटोही त्यात बरा आलाय. ते सगळं मी इथे लिहीत नाही.

नणंदेला वन्सं म्हणायची रीत आता कुठे राहिलेली नाही. आपल्या इमारतीतल्या मुली नणंदेला नावाने हाक मारतात आणि त्यांचं काही बिघडलेलं दिसत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही, यांची थोरली बहीण, नुकत्याच कॉलेजात भूगोल शिकवायला लागला होतात. पहिल्याच दिवशी मला म्हणालात, "मला वन्सं म्हणू नकोस, म्हाताऱ्यासारखं वाटतं." पण सासूबाई समोर होत्या, म्हणून म्हटलं. पुढे सासूबाई गेल्या. मग हे गेले. पराग शिकायला म्हणून अमेरिकेला गेला तो तिकडचाच झाला. शनिवार पेठेतल्या या तिसऱ्या मजल्यावर आपण दोघीच उरलो, तरी मी वन्संच म्हणत राहिले. तुम्ही रोज वाघोलीच्या कॉलेजात, मी चित्रकला शिकवायला कोपऱ्यावरच्या शाळेत. लग्न न केलेली नणंद आणि विधवा भावजय एका घरात म्हटल्यावर लोकांना वाटायचं, इथे रोज एक भांडं फुटत असणार. फुटतही होतं. पण लोकांना वाटायची ती कारणं नव्हती. आपली भांडणं पाण्यावरून व्हायची.

सासूबाईंनी मला घालून दिलेली शिस्त अशी, की सकाळी नळ आला की हंड्या-कळशीतलं कालचं पाणी ओतून द्यायचं, भांडी आंबट लावून घासायची आणि ताजं भरायचं. शिळं पाणी देवाला नाही आणि माणसालाही नाही. पेठांमधल्या हजार घरांत रोज सकाळी हेच चाले. सगळ्या मोऱ्यांमधून एकदम चांगलं पाणी वाहायचं आणि मग सगळे मिळून पाणी पुरत नाही म्हणायचे. तुम्ही मोरीच्या दारात उभ्या राहून विचारायचात, "मंदा, हे पाणी धरणात महिनोन् महिने पडून होतं, तेव्हा शिळं नव्हतं. तुझ्या हंड्यात एका रात्रीत कसं झालं?"

"धरणाला झाकण नसतं," मी म्हणायची. "हंड्यात ते कोंडतं."

तुम्ही हात जोडायचात आणि बस पकडायला जायचात.

मग एकदा तुमच्याच व्याख्यानाला येऊन बसले आणि माझ्या हाती कोलीत लागलं. तुम्ही मुलांपुढे टेबलावर दहा तांबे मांडले होते. माणसं जगभर नद्या-तळ्यांतून आणि जमिनीतून जे गोडं पाणी उपसतात, ते या दहा तांब्यांत आहे असं समजा, म्हणालात. मग सात तांबे एका बाजूला सरकवलेत, हे शेतीचे. दोन दुसऱ्या बाजूला, हे कारखान्यांचे आणि वीजघरांचे. उरला एक. तो हातात धरून म्हणालात, हा जगातल्या सगळ्या घरांचा. अगदी काटेकोर माप नाही, पण डोक्यात राहायला पुरे. घरी येताना रिक्षातच मी तुम्हाला धरलं. "तुमच्याच हिशेबाने घरचं पाणी दहातलं एक. आपल्या देशात तर शेतीच दहातले नऊ घेऊन बसते. मग माझ्या एका हंड्यावर तुमचा डोळा का?"

तुम्ही बराच वेळ बाहेर बघत होतात. मला वाटलं, जिंकले. मग म्हणालात, "तहान त्या एका तांब्यातच असते ना पण."

दुसऱ्या दिवशी मी हंडा ओतला नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून नव्हे, मला उठायला उशीर झाला म्हणून. तसं मी तुम्हाला मुद्दाम सांगितलंही. तुम्ही शेतीला नावं ठेवल्याचं मात्र मी कधी ऐकलं नाही. कुणी पाहुणा उसावर तोंड टाकायला लागला, शेतकरी पाणी पितात वगैरे, की तुम्ही त्याच्या चहात तिसरा चमचा साखर घालायचात आणि विचारायचात, "कुणी प्यायलं?" पाहुण्यांची वर्दळ आपल्याकडे कमी होती त्याला कारणं होती.

आणि तो नकाशा. तुम्हाला वर्गात लावायला असा नकाशा हवा होता, ज्यात कुठला देश किती पाणी वापरतो ते एका नजरेत दिसेल. बाजारात तसला मिळेना. मग तुम्ही घरातली चित्रकलेची बाई कामाला लावलीत. जुनी मोठी चादर काढली. नकाशे दोन हवे होते. एकात प्रत्येक देशाचा एकूण वापर, दुसऱ्यात दरडोई, म्हणजे तेच पाणी तिथल्या माणसांत वाटल्यावर एकेकाच्या वाट्याला येतं ते. मी म्हटलं, दुसरी चादर काढते. तुम्ही म्हणालात, "दुसरी कशाला? हिला दोन बाजू आहेत."

हॉलमध्ये फरशीवर चादर पसरून आपण दोघी गुडघ्यांवर रांगत होतो. तुम्ही कागदावरचे आकडे सांगायचात आणि मी निळ्या रंगात पाणी कमी-जास्त करून छटा लावायची. जास्त वापर, तितका गडद निळा. मला हे पटत नव्हतं. मुलांना वाटेल गडद आहे तिथे पाणी भरपूर आहे, मी म्हटलं. "वाटू दे," तुम्ही म्हणालात, "मग मी विचारीन." आफ्रिकेच्या मध्यावर आले तर तुम्ही काँगोला इतका फिका रंग सांगितलात की ब्रश धुतलेलं पाणीच फासावं लागलं. मी म्हटलं, अहो, एवढी थोरली नदी काढली मी आत्ता, आणि देश कोरडा? तुम्ही म्हणालात, "नदी असणं वेगळं आणि नळ असणं वेगळं." आणि ज्याचं नावही मी धड ऐकलं नव्हतं त्या तुर्कमेनिस्तानला सगळ्यात गडद. वाळवंटातला देश. का, तर तो कापूस पिकवतो आणि त्याला दूरच्या नदीचं पाणी पाटातून आणून पाजतो, माणसं त्या मानाने थोडी. मी माझ्या सुती साडीकडे बघितलं. तुम्हीही बघितलंत.

एकूण वापराच्या बाजूवर आपला देश सगळ्यात गडद आला. मला ते लागलं. मी म्हटलं, "म्हणजे जगात आपणच उधळे?" तुम्ही म्हणालात, "चादर उलटी कर." उलट्या बाजूला आपण मधेच कुठेतरी, आणि अमेरिका आपल्याहून कितीतरी गडद. तिथून जे भांडण सुरू झालं ते संपलंच नाही. वर्गात दर्शनी बाजू कुठली ठेवायची? माझं म्हणणं, एकूणची. नदीला डोकी मोजता येत नाहीत, तिच्यातून एकंदर किती गेलं एवढंच तिला कळतं. तुमचं म्हणणं, दरडोईची. "कारण तहान एकंदर लागत नाही, मंदा. एकेकट्याला लागते."

वर्षानुवर्षं आपण हा वाद घालत राहिलो. जेवताना, भाजी निवडताना, एकदा तर स्वारगेटच्या बस स्थानकावर इतक्या मोठ्याने, की रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "आपण दोघी पाणीपुरवठा खात्यातल्या का?" तुम्ही म्हणालात, "नाही, नणंदा-भावजया." त्यांनी लगेच मान वळवली.

चादरीच्या काटकसरीचं फळ मात्र दोघींनाही मिळालं. रंग पलीकडे उतरला. पुढच्या बाजूचा गडद भारत मागच्या बाजूला उलटा होऊन, अमेरिकेच्या खाली ऐन समुद्रात, डागासारखा दिसायला लागला. मी रडकुंडीला आले. तुम्ही चष्मा वर करून नीट बघितलंत आणि म्हणालात, "योग्य ठिकाणी आहे. त्यालाच वेस्ट इंडीज म्हणतात." तशीच ती चादर तुम्ही निवृत्त होईपर्यंत वर्गात वापरलीत. दर वर्षी एखादा मुलगा विचारायचा, मॅडम, तो समुद्रातला देश कुठला? आणि दर वर्षी तुम्ही घरी येऊन मला ते हसत सांगायचात.

तिसरा नकाशा मात्र राहिला. वाघोलीला जाता-येता नगर रस्त्यावर तुम्हाला टँकरच्या रांगा दिसायच्या, नव्या उंच इमारतींना पाणी घेऊन चाललेल्या. तुमच्या विद्यार्थिनी वसतिगृहात अर्ध्या बादलीत अंघोळ करून वर्गात यायच्या, आणि इथे पेठेत मी सकाळी हंडे ओतत होते. एके दिवशी घरात शिरल्या शिरल्या म्हणालात, "देशादेशांचं पुरे. मंदा, तू पुण्याचा काढ. तसाच, दरडोई." मी नाही म्हटलं. वेळ नाही, चादर नाही, गुडघे दुखतात. खरं म्हणजे आपल्या घरावर गडद रंग लावायला माझा हात धजत नव्हता. तुम्हाला ते कळलं होतं, म्हणून तुम्ही आग्रह धरला नाहीत.

परागकडे आपण दोघी गेलो होतो ते आठवतं? वाळवंटात वसवलेलं त्याचं गाव. घरापुढे हिरवळ, आणि ठरल्या वेळेला जमिनीतून आपोआप तुषार उडायचे. मी जीव मुठीत धरून होते, की आता वन्सं पोराला घराबाहेर उभं करून तास घेणार. तुम्ही अनवाणी त्या गवतावर चालून आलात आणि अंघोळीला गेलात. ती अंघोळ काही संपेना. शेवटी मी दार वाजवलं, "वन्सं, बऱ्या आहात ना?" लालबुंद होऊन बाहेर आलात, केस निथळत होते, आणि चोरी पकडली गेल्यासारख्या बघत म्हणालात, "गडद रंगाच्या देशातली माणसं वाईट नसतात गं. त्यांचे नळ चांगले असतात."

मी तुम्हाला इतकं हसताना क्वचित पाहिलं असेल. तिथून निघताना पराग म्हणाला होता, दोघी इथेच राहा. परतीच्या विमानात तुम्ही खिडकीकडे तोंड करून म्हणालात, "तू राहायला हवं होतंस. माझ्यासाठी परत येऊ नकोस."

"तुमच्यासाठी कोण येतंय?" मी म्हटलं. "मला तिथला चहा आवडत नाही."

तुम्ही "बरं" म्हणालात आणि डोळे मिटलेत. पुण्यात असंच बोलतात, त्याचं काही नाही. पण ते वाक्य मला परत घ्यायचं राहून गेलं, आणि तुम्ही गेल्यापासून तेच सारखं कानात येतं.

मग तुमच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी आपण डायलिसिसला जायचो. तुमचं पिण्याचं पाणी डॉक्टरांनी बांधून दिलं. दिवसाला लहान तांब्याभर, त्यातच चहा, त्यातच ताक, त्यातच आमटी. जगाचं पाणी वाटून दाखवणाऱ्या बाईला तिचं स्वतःचं पाणी मी फुलपात्राने वाटून देत होते. आणि तिकडे ते यंत्र. पहिल्याच दिवशी तुम्ही तिथल्या मुलीला विचारलंत, याला पाणी किती लागतं? ती म्हणाली, एका वेळेला मोठं पिंपभर तरी, मॅडम, गाळून शुद्ध करायचं म्हणजे काही वायाही जातं. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "बघ. मी एकटीच तुर्कमेनिस्तानच्या वर गेले."

घरी येताना वाद. हे पाणी कुठल्या हिश्श्यात धरायचं? तुम्ही म्हणालात, घरगुतीत, दुसरीकडे कुठे बसणार. मी म्हटलं, जे प्यायला मिळत नाही ते घरगुती कसलं, आजारपणाचा वेगळाच तांबा ठेवा. तुम्ही मान हलवलीत. "तांबे दहाच असतात, मंदा. अकरावा आणायचा कुठून?"

तुमचे ओठ सुकायचे. तुम्ही मागितलं कधीच नाहीत, पण मी पेला तोंडाला लावला की तुमची नजर माझ्या गळ्याकडे जायची. तुम्हाला ते कळतही नसेल. मी तुमच्यासमोर पाणी पिणं बंद केलं. गॅलरीत, कपड्यांच्या वाळणीआड उभी राहून गटागटा प्यायचे, पदराने तोंड पुसून आत यायचे. मला वाटत होतं, तुम्हाला पत्ता नाही. एके दुपारी पडल्या पडल्या तुम्ही म्हणालात, "पाणी चोरून पिणारी तू जगातली पहिली बाई असशील. आत येऊन पी. माझी तहान काही त्याने वाढत नाही." मी आत येऊन प्यायले. पेला रिकामा केला, आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. हाडं वाजावीत तशा वाजल्या.

आणि एक दिवस डॉक्टर म्हणाले, आता त्यांना हवं तेवढं पाणी द्या.

त्या वाक्याचा अर्थ तुम्हाला माझ्याआधी कळला. मी वेड्यासारखी खूश होऊन हंड्याकडे निघाले, तर तुम्ही पलंगावरून म्हणालात, "शिळं नको हं. ताजं भरून आण." मी मागे वळून बघितलं तर हसत होतात. इतक्या वर्षांचं भांडण तुम्ही असं माझ्या पदरात टाकून मोकळ्या झालात. नळ गेलेला होता. मी हंड्यातलंच आणलं. तुम्ही दोन घोट घेतलेत, "ताजं आहे," म्हणालात, आणि बाकीचं नको म्हणालात. मला तो पेला भरून तुम्हाला पाजायचा होता. वर्षभर मी त्या पेल्याची वाट बघत होते.

तेराव्याला तुमच्या विभागातल्या इनामदार बाई आल्या होत्या. पानावर बसल्या, पण धड जेवल्या नाहीत. हात धुताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडमनी तुमच्यासाठी ऑस्ट्रेलिया सोडलं, ते आम्ही विभागात अजून सांगतो." मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. तिथल्या एका विद्यापीठाने तुम्हाला दोन वर्षांसाठी बोलावलं होतं, शेतीला लागणाऱ्या पाण्यावर काम करायला. जन्मभर तुम्ही जे आकडे दुसऱ्यांकडून घेऊन शिकवलेत, ते तिथे स्वतः शेतात उभं राहून मोजायला मिळणार होते. यांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तुम्ही नाही म्हणून कळवलंत. बाईंनी कारण विचारलं, तर म्हणालात, "घरी मंदा आहे. ती आयुष्यात कधी एकटी राहिलेली नाही."

मला काय सांगितलं होतंत? बोलावणं आलंच नाही म्हणून. वर, "बरं झालं, तिथे कांगारू फार."

वन्सं, मी लोकांना सांगत आले, की वन्सं एकट्या पडतील म्हणून मी परागकडे जात नाही. शेजाऱ्यांना सांगितलं, शाळेत सांगितलं, देवालासुद्धा सांगून झालं. तुम्हाला तेवढं सांगितलं नाही. मनात थोडा तोराही होता, की या बाईसाठी मी केवढं केलं. आणि तुम्ही माझ्याआधीच थांबून बसला होतात. मला राग आला तुमचा. तेराव्याच्या दिवशी, दिव्यापुढे ठेवलेल्या फोटोसमोर उभी राहून मी रागाने थरथरत होते, आणि बायकांना वाटलं मला भोवळ येते आहे. त्यांनी मला खुर्ची दिली आणि वारा घातला. असं कुणी करतं का? भांडायला उरलेल्या माणसाला बाजूच मांडता येऊ नये, असं करून कुणी जातं का? मग राग ओसरला आणि जे राहिलं त्याला मला नाव देता येत नाही. तुम्ही माझ्यासाठी थांबलात, वन्सं. ती सगळी वर्षं मला मिळाली. सकाळचा चहा, ते वाद, ती चादर, सगळं त्या न घेतलेल्या विमानातून आलेलं.

आता घरात माझी मीच असते. तुम्ही असतात तर तुम्हाला सांगितलं असतं अशी एक गोष्ट पराग गेल्यापासूनच्या या दोन दिवसांत माझ्या लक्षात आली आहे. तुम्ही गेल्यावर घरातलं पाणी निम्मं व्हायला हवं होतं. झालं नाही. फरशी तेवढीच पुसावी लागते. कुंड्या तेवढंच पितात. वॉशिंग मशीन माझ्या दोन साड्यांसाठीसुद्धा तेवढंच पाणी ओढतं. कुकर एका वाटीचा लावला तरी घासावा पुरताच लागतो. एकूण थोडं कमी झालं, पण जे आहे ते सगळं आता एकाच डोक्यावर आलं. माझं दरडोई वाढलं, वन्सं. चादरीवर मला आता अमेरिकेचा रंग लावावा लागेल, तोही जागचं न हलता. माणूस एकटं पडलं की त्याच्या वाट्याला सगळंच जास्त येतं, पाणीही. तुमचं म्हणणं बरोबर होतं. एकूण आकड्यात मला मी कुठे सापडत नाही. दरडोईत लगेच सापडते.

हे सांगायला कुणी नाही हीच अडचण आहे. शेजारच्या जोशी काकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, नळ गळत असेल, प्लंबर पाठवते.

फोन येऊन गेला. इथवर लिहिलं होतं आणि वाजला.

परागने आधी गुडघ्यांची चौकशी केली, मग हवेची, मग विचारलं, "काय ठरलं?" तो समजुतीने बोलत होता, ऐकताना त्याच्या वडिलांचा भास होत होता. म्हणाला, खोली तयार आहे, नातवंडं वाट बघतायत. "आणि आई, इथे आलीस की तुला आत्याची आठवणसुद्धा कमी येईल. इथे तिचं काहीच नाही."

त्याने ते माझ्या भल्यासाठीच म्हटलं. आणि खरंच आहे ते. त्याच्या जेवणाच्या टेबलाशी तुमची जागा कधी नव्हती, म्हणून ती तिथे रिकामी नसणार. तिथे सकाळी कुणी मोरीच्या दारात येऊन उभं राहत नव्हतं, म्हणून तिथे दार मोकळं दिसणार नाही. पाहुण्या म्हणून काही दिवस राहिलात, एक लांबलचक अंघोळ केलीत, संपलं. तिथे मी तुम्हाला गमावलेलंच नाही. गमावलं ते इथे. तुम्ही नसणं या घरात आहे, या स्वयंपाकघरात, या पलंगाशी, आणि तुमच्यामागे माझ्यापाशी एवढंच उरलं आहे. तेही सोडून मी कुठे जाऊ?

"नाही येत रे मी," मी म्हटलं.

"पण का? कुणासाठी थांबायचंय आता तुला तिथे?"

चहाचं कारण जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं.

"वन्संसाठी," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. भिंतीपलीकडे जोशी काकूंनाही ऐकू गेलं असेल.

तो अगदी हळू म्हणाला, "आई, आत्या गेली."

"माहीत आहे," मी म्हटलं.